गादीशेजारचे दौलतराव

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी बोरखेडच्या दौलतराव देशमुखांचे नाव सांगतो. माझे वडील त्यांच्या कापसाच्या गाड्या हाकीत. दौलतरावांनी मला बोरखेडच्या आपल्या घरी ठेवून घेतले, अकोल्याच्या शाळेत घातले आणि बी. ए. होईपर्यंत मुंबईत सांभाळले. आमच्या घराण्यात माझ्या आधी कोणाला सही करता येत नव्हती. आणि असा हा माणूस रोज सकाळी अंघोळ करून, पागोटे बांधून बैठकीत येई व आपल्याच रिकाम्या गादीला वाकून मुजरा करी.

गादी चांगली होती. पांढरा शुभ्र अभ्रा, मागे लोड, दोन्ही बाजूंना तक्के. दौलतराव तिच्यावर कधी बसले नाहीत. ते शेजारी घोंगडी टाकून, मांडी घालून, एखाद्या कारकुनासारखे बसत. कोणी गाऱ्हाणे घेऊन आला की त्याला आधी बसवीत, पाणी देत, मग म्हणत, "बोल आता. सरकार आयकून राहिले."

माणूस बोलू लागे. बोलणे संपले की दौलतराव गादीकडे कान करीत. मग ते मान हलवीत आणि सांगत, "सरकार म्हनतात, धुरा जुना हाये तिथंच राहीन." धुरा म्हणजे शेताचा बांध. एवढ्यावर निकाल लागे. वर दाद मागायला कोणी जात नसे.

पहिल्यांदा येणारा माणूस हसू दाबून बसलेला असे. मी ते पुष्कळदा पाहिले आहे. हसू पहिली दोन वाक्ये टिके. मग त्याचे डोळे आपोआप गादीकडे जात, आणि आवाज खाली येई. एकदा दोन सख्खे भाऊ विहिरीच्या पाण्यावरून आले. मोठा मोठमोठ्याने शपथा घेत होता. दौलतराव त्याला शांतपणे म्हणाले, "मले काहून सांगतं? तिकडे पाहून सांग." त्याने गादीकडे पाहिले आणि शपथ मध्येच सोडली. बाहेर वैशाखाचे ऊन होते, तरी तो अंगावरचे उपरणे गच्च ओढून घेत होता. शेवटी म्हणाला, पाणी धाकट्याचे आहे.

मला हे सारे विचित्र वाटे. मी मुंबईत तर्कशास्त्र शिकून आलो होतो. मी दौलतरावांना एकदा स्पष्टच म्हणालो, की काका, गादीवर कोणी नाही. ते म्हणाले, "निजाम पाह्यला तू?" मी म्हटले, नाही. "इंग्रजाची रानी पाह्यली?" तेही नाही. "मंग तू कोनाची चाकरी करून राहिला?" मी त्या वेळी अकोल्याच्या कचेरीत इंग्रजी कागदांचा तर्जुमा करीत होतो. ते बराच वेळ खुशीत सुपारी कातरत बसले.

घरात त्यांच्याखेरीज स्वयंपाक करणाऱ्या यमुनाबाई तेवढ्या होत्या. काकू फार पूर्वी वारल्या होत्या, मूलबाळ नव्हते. यमुनाबाई कोणाला भीत नसत. पण बैठक झाडताना त्या गादीपाशी आल्या की म्हणत, "सरका जरासे," आणि केरसुणी हातात धरून थांबत. किती वेळ थांबायचे ते त्यांना ठाऊक असे. मग गादी झटकत. मी एकदा हसलो, तर मला म्हणाल्या, "तुले दात काढाले का होते बाप्पा? झाडतो मी. मले मालूम हाये केवा उठते अन् केवा बसते."

आणखी एक गोष्ट होती. रोज भर दुपारी, रस्त्यावर कुत्रेसुद्धा नसताना, दौलतराव तांब्या घेऊन अंगणात जात आणि उघड्या जमिनीवर एका जागी पाणी ओतीत. तिथे झाड नव्हते, तुळस नव्हती. ती काळी माती पाणी पिऊन टाकी आणि लगेच पुन्हा भेगाळे. घरी येणारी-जाणारी माणसे त्या जागेवरून चालत नसत. मीही वळसा घालून जाऊ लागलो. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही.

ते दिवस कापसाचे होते. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस अडला, आणि आमच्या वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी मोल आले. लोकांनी उंबऱ्यापर्यंत कपाशी लावली. ज्वारी दिसेनाशी झाली. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. आणि पैसा घरात मावेना तेव्हा माणसांना दुसरी भूक लागली. कोणाला पाटीलकीचा कागद हवा होता, कोणाला साहेबाच्या दरबारात खुर्ची. तुळशीराम नावाचा एक कापसाचा दलाल होता. त्याने स्वतःचाच एक शिपाई ठेवला होता. शिपाई पुढे धावत "बाजू, बाजू" ओरडे. रस्ता मोकळा असला तरी ओरडे. एकदा समोर खरोखरच म्हैस आडवी आली, तेव्हा मात्र शिपाई गप्प झाला आणि तुळशीरामालाच बाजूला व्हावे लागले.

दौलतरावांना अशी माणसे पाहण्याचा नाद होता. बाजाराच्या दिवशी ते माझ्या कचेरीच्या ओट्यावर येऊन बसत आणि आत जाणाऱ्या-येणाऱ्यांना निरखीत. त्यांची एक परीक्षा होती. "ज्याले हुकूम कराची भूक लागली, त्याले नीट बसता येत नाई," ते म्हणत. "तो तुळशीराम पाह्य. अर्धा बसला, अर्धा उभाच हाये. त्याच्या मांड्या पाह्य कशा हालतात. कोनी हाक मारीन म्हनून." मी पाहिले. खरेच हलत होत्या. मग मला ती खोडच लागली. कचेरीतल्या शिरस्तेदारापासून खुद्द साहेबापर्यंत सर्वांच्या मांड्या मी पाहू लागलो, आणि फारच थोड्या स्थिर सापडल्या.

दुसरी परीक्षा त्यांनी मला एकदाच सांगितली. "अशा मानसाले घरात एकटं ठेवून पाह्य. कोनी आयकनारं नसलं का तो घाबरते. त्याले वाटते, आपून नाईच."

मी विचारले, तुम्हाला हे कसे ठाऊक. ते म्हणाले, "चोराले चोर वळखते गा," आणि उठून गेले. ते जात असताना मी त्यांच्याकडे पाहिले. सत्तरीकडे आलेला माणूस, पण ओट्यावरून उतरताना लोक रामराम घालतात की नाही ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत होता. कोणी घातला की चेहरा क्षणभर तरुण होई. लगेच ते मान खाली घालीत, जणू कोणी रागावले असावे.

त्याच सुमारास इंग्रज सरकारने ठरवले की अकोल्याला एक बिनपगारी मॅजिस्ट्रेट नेमायचा. किरकोळ तंटे त्याने पाहायचे, आणि पहिला तंटा समोर तयारच होता. बोरखेडच्या गायरानात तुळशीरामाला कापूस साठवायचे आवार हवे होते. गायरान गेले असते तर गावची गुरे उपाशी मेली असती, कारण कडबा कुठेच उरला नव्हता. मॅजिस्ट्रेट होण्याची तुळशीरामाने खटपट चालवली होती. मी दौलतरावांचे नाव सुचवले. माझ्या मनात दुसरे काही नव्हते. त्यांनी मला माणूस केले, त्यांना मान मिळावा, आणि गायरानही वाचावे. कचेरीच्या साहेबांनी चौकशी केली. सर्वांनी एकच सांगितले, की त्यांचा निकाल मोडत नाही. निकाल कोण देतो, हे मात्र कोणी सांगितले नाही.

ही बातमी मी दौलतरावांना सांगितली तेव्हा ते एकदम उभे राहिले. पागोटे सारखे केले. मग खाली बसले. पुन्हा उठले. बघू नये असे वाटत असतानाही माझी नजर त्यांच्या मांड्यांकडे गेली.

नेमणूक अमरावतीला, कमिशनर साहेबांच्या दरबारात व्हायची होती. आम्ही दमणीतून, म्हणजे हलक्या बैलगाडीतून, गेलो. दरबार एका मोठ्या तंबूत होता. साहेब समोर उंच खुर्चीवर, त्यांच्या पुढे गालिचा, आणि गालिच्यावर निवडक मंडळींसाठी खुर्च्यांची रांग. दरबारात खुर्ची मिळणे म्हणजे त्या काळी जन्माचे सार्थक. लोक नवे जोडे घालून आले होते आणि लंगडत होते. मी साहेबांच्या डाव्या हाताला तर्जुम्यासाठी उभा होतो.

दौलतरावांचे नाव पहिले होते. ते पुढे आले. साहेबांनी हाताने पहिली खुर्ची दाखवली. दौलतराव खुर्चीपाशी गेले, थांबले, आणि तिला वाकून मुजरा केला. मग तिच्या शेजारी गालिच्यावर मांडी घालून बसले.

दुसरे नाव अमरावतीच्या एका जुन्या जहागीरदाराचे होते. ते क्षणभर घोटाळले. देशमुख मोठा माणूस, त्याला दरबाराची रीत ठाऊक असणार, असे त्यांच्या मनात आले असावे. त्यांनीही आपल्या खुर्चीला मुजरा केला आणि खाली बसले. त्यांच्यामागून आलेल्यांना शंकाच उरली नाही. एकेक येई, खुर्चीला मुजरा करी, खाली बसे. तुळशीराम शेवटी आला. खुर्चीसाठी त्याने काय काय केले होते ते मला माहीत होते. त्याने एकदा खुर्चीकडे, एकदा रांगेकडे पाहिले, आणि तोंड वाकडे करून तोही खाली बसला.

मला हसू यायला हवे होते. आले नाही. बाहेर घोडा शेपटी हलवतो ते ऐकू येत होते. खाली माना घातलेली माणसे, आणि त्यांच्या वर रिकाम्या खुर्च्यांची सरळ रांग, साहेबांकडे तोंड करून. वारा नव्हता, तरी एका खुर्चीचा वेत कुरकुरला. साहेब खुर्च्यांकडेच पाहत होते, माणसांकडे नाही. मग त्यांनी मला हळू आवाजात विचारले, की हे काय चालले आहे. मी म्हटले, हे आदर दाखवीत आहेत. त्यांनी विचारले, कोणाला? मी तो प्रश्न तसाच दौलतरावांना विचारला.

दौलतराव मान वर न करता म्हणाले, "ज्याच्या जिवावर बसाचं असते, त्याले."

मी त्याचा तर्जुमा केला. साहेबांनी रुमालाने कपाळ टिपले आणि दरबार आटोपता घेतला. मला नंतर बजावले, की जो खुर्चीत बसत नाही त्याला खुर्ची देता येणार नाही. आठवड्यात काय ते कळवा, नाहीतर तुळशीरामाचे नाव तयार आहे.

परतताना बडनेऱ्याच्या अलीकडे एका विहिरीपाशी बैल सोडले. ऊन मी म्हणत होते. गाडीवान बैलांना घेऊन पाण्यावर गेला. आम्ही दोघेच निंबाखाली होतो. मी रागात होतो. मी म्हणालो, काका, एकदा बसायचे होते. एवढेच. गायरान जाईल आता.

खाली पडलेली निंबाची काडी त्यांनी उचलून मोडली. मग म्हणाले, "मी बसलो होतो गा एक डाव."

वडील वारले आणि ते पहिल्यांदा गादीवर बसले, तो दिवस. वय पंचविशीचे. सकाळी उकंडा नावाचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, बैल घेऊन उशिरा आला. दौलतरावांनी त्याला अंगणात उभे केले आणि सांगितले, मी म्हणेन तोवर हलायचे नाही. मग ते नव्या देशमुखाचे तोंड दाखवायला गावोगाव निघाले. ठिकठिकाणी मुजरे झाले, पान झाले. उकंडा डोक्यातून गेला. दिवस मावळताना ते परतले.

"उभाच होता," दौलतराव म्हणाले. "लोकाइनं पानी आनलं, त्यानं घेतलं नाई. मी पी म्हनून सांगलं नव्हतं ना. अन् बापू, मले काय वाटलं सांगू? वाईट नाई वाटलं. पयले मले आनंद झाला. माह्या एका शब्दावर मानूस दिवसभर उन्हात उभा राहिला, साऱ्या गावाच्या देखत. इतकं गोड मले काईच लागलं नाई. ना त्याच्या आधी, ना मंग. मंग त्याले म्हनलं, बस. तो बसला. अन् मंग उठला नाई."

विहिरीवर बैल पाणी पीत होते, त्यांचा आवाज येत होता.

मी विचारले, मग गादीवर...

"दिवसभर उभा होता गा तो," ते म्हणाले. "त्याले बसवला. बसू दे त्याले."

थोड्या वेळाने ते पुढे म्हणाले, की हे सारे सोडून द्यावे असे पुष्कळदा वाटले, पण सुटले नाही. अजूनही कोणी वाकला की अंगावर गोड काटा येतो. म्हणून वाकणारा आणि आपण यांच्यामध्ये त्याला बसवले आहे. मी विचारले, तो काय बोलतो. दौलतराव म्हणाले, "तो काई बोलत नाई. समोरच्याले पानी दे म्हनते, बसव म्हनते. तेवढं केलं का बाकीचं मले उमजते." मग पागोटे काढून त्यांनी मांडीवर ठेवले. पागोट्याशिवाय मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिले. डोके लहान होते, आणि त्यावरचे केस पोरक्या पोरासारखे विस्कटलेले होते.

"इंग्रजाच्या खुर्चीत एकटा बसलो ना," ते म्हणाले, "तर मी उठनार नाई, बापू. मले मी मालूम हाये."

ते तसेच बोरखेडला गेले आणि कोणाला भेटेनासे झाले. मी दुसऱ्या दिवशी अमरावतीला परत जाऊन साहेबांना भेटलो. त्यानंतर अकोल्याहून दौलतरावांना मी जे पत्र पाठवले, ते असे:

तीर्थरूप दौलतराव काका यांचे सेवेशी, बापूचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

साहेबांची भेट झाली. मी त्यांना सांगितले, की आमच्या वऱ्हाडात न्यायाला बसणारा माणूस शेजारी एक जागा राखून ठेवतो. ती कोणासाठी, असे त्यांनी विचारले. ज्याच्यावर अन्याय झाला आणि जो दाद मागायला येऊ शकत नाही, त्याच्यासाठी, असे मी सांगितले. अशी चाल सगळीकडे आहे का, असे त्यांनी पुन्हा विचारले. मी म्हटले, एका घरी मी स्वतः पाहिली आहे. हे खोटे होते काय, याचा मी वाटेने पुष्कळ विचार केला. मला तसे वाटले नाही. साहेबांनी आपल्या टिपणात वऱ्हाडची चाल म्हणून ती लिहून घेतली आहे. आता ती चाल झाली.

आपण खुर्चीत बसावे, एवढी एकच त्यांची अट आहे. माझी एक मी घातली, ती मान्य झाली. आपल्या पुढे येणाऱ्या कोणालाही, मग तो फिर्यादी असो की आरोपी, उभे ठेवले जाणार नाही. दोन बाक आणि पाण्याचा माठ कचेरीतून मिळेल. तुळशीराम गायरानासाठी येईल तेव्हा त्यालाही बाकावरच बसायचे आहे. नीट बसता येते का ते आपण पाहालच.

आपल्याला एकटे बसावे लागणार नाही. खुर्च्या दोन सांगितल्या आहेत, एका उंचीच्या. सुतार आपल्या बोरखेडचाच आहे. एक देशमुखांची हे त्याला कळले, दुसरी कोणाची असे त्याने विचारले. मी उकंड्याचे नाव सांगितले. त्याने हातातली फळी खाली ठेवली आणि दुसरी खुर्ची आधी करायला घेतली. उद्यापर्यंत होईल म्हणतो.

कळावे. आपण यावे.

आपला आज्ञाधारक,
बापू